खांदा साडेतेरा

टेलरमास्तरांच्या दुकानात आकडा बोलायचा तो मास्तरांनी आणि लिहायचा तो मास्तरीणबाईंनी, असा पंचवीस वर्षांचा कायदा होता. मास्तर गिऱ्हाइकाला ताठ उभं करायचे, गळ्यातली टेप ओढायचे आणि खणखणीत आवाजात एकेक माप पुकारायचे. काज-बटणांच्या टेबलामागे बसलेल्या मास्तरीणबाई ते वहीत उतरवून घ्यायच्या. गेल्या वर्षीचं पान मास्तर चुकूनही बघायचे नाहीत. "जुना आकडा डोक्यात असला की हात खोटं बोलतो," असं त्यांचं म्हणणं. आता हात खोटं कसं बोलतो, हे त्यांना विचारायची सोय नव्हती. विचारणाऱ्याला अर्धा तास भाषण ऐकावं लागायचं.

दुसरा कायदा असा, की वहीतलं वहीत. कुणाचं पोट किती सुटलं, कुणाचा एक खांदा खाली आहे, कुणाचा एक पाय पाऊण इंचाने आखूड आहे, सगळं त्या वह्यांमध्ये होतं आणि तिथून ते कधी बाहेर पडलं नाही. एकदा एका बाईंनी नवऱ्याला गुपचूप शर्ट द्यायचा म्हणून त्याच्या छातीचं माप विचारलं. मास्तर म्हणाले, "बाई, तुमच्याच घरात आहे तो माणूस. झोपला की मोजा." बाई जाम भडकल्या. पण मास्तर काही हलले नाहीत.

शाळा उघडायच्या आधीचे पंधरा दिवस दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. दीडदोनशे पोरांचे गणवेश. वाढत्या अंगाची पोरं, म्हणून मास्तर शिवणीत दोन बोटं कापड जास्तीचं सोडायचे, म्हणजे वर्षाच्या मध्यावर उसवून सैल करता यावं. आणि पोरांच्या आया यायच्याच, "मास्तर, काखेत काचतंय हो," म्हणत. एकच आई अशी होती, की ती दरवर्षी फक्त पॅन्टचा काठ सोडवायला यायची. शर्टाचं कधी नावच काढायची नाही. ती पलीकडच्या गल्लीतल्या बेकरीवाल्या पाववाल्यांची बायको, आणि तिच्या पोराला सगळे बारक्या म्हणायचे.

बारक्या सोळा वर्षांचा झाला त्या वर्षीची ही गोष्ट. दुकानात गर्दी होती. बारक्या नेहमीसारखा सगळ्यांच्या मागे, भिंतीला चिकटून उभा. त्याच्या वर्गातल्या पोरांचे आवाज फुटले होते, ओठांवर लव आली होती. ती पोरं एकमेकांच्या पाठीत गुद्दे घालत आली, मापं देऊन धिंगाणा घालत गेली. दुकान रिकामं झालं तेव्हा कुठे बारक्या पुढे सरकला.

"ये राजे," मास्तर म्हणाले. "सगळ्यात आधी येऊन सगळ्यात शेवटी. ताठ उभा राहा."

"मास्तर," बारक्या म्हणाला. आवाज सातवीतल्या पोराचा. "शर्टाच्या खांद्यात पॅड घालता येतात का हो?"

मास्तरांना आधी हसूच फुटलं. "अरे, पॅड कोटात घालतात! शाळेच्या शर्टात पॅड घातलास तर वर्गात हँगर म्हणतील तुला."

"आत्ता ताई म्हणतात," बारक्या म्हणाला.

मास्तरांचं हसू जागच्या जागी विरलं. पोराने मान खाली घातली होती आणि हाताची बोटं एकमेकांत गच्च अडकवली होती. मास्तर मग जे येत होतं तेच करायला लागले. टेप लावली. "खांदा, साडेतेरा. छाती, अठ्ठावीस. बाही, साडेतेवीस. पॅन्टची लांबी, साडेएकोणचाळीस."

बारक्या गेला. मास्तरीणबाईंनी पेन खाली ठेवलं नाही. त्या नुसत्या पानाकडे बघत बसल्या आणि मग म्हणाल्या, "अहो, खांदा परत साडेतेरा?"

"परत म्हणजे?"

"गेल्या वर्षी साडेतेरा होता. त्याच्या आदल्या वर्षीही मीच लिहिलाय, साडेतेरा."

झालं! मास्तरांचा पारा चढला. आपलं माप चुकलं असं पंचवीस वर्षांत कुणी म्हणालं नव्हतं आणि बायकोने तर अजिबातच नव्हतं. त्यांनी गळ्यातली टेप काढून टेबलावर आपटली. "ही टेप ताणली गेलीय! कापडाची टेप पुढच्या टोकाला ताणली जातेच. रोज तेच टोक ओढलं जातं. म्हणून पुढचे आकडे कमी येतात आणि मागचे बरोबर. खांदा पुढच्या टोकात येतो. समजलं?"

"समजलं," मास्तरीणबाई म्हणाल्या आणि कपाटावरची लोखंडी पट्टी काढून त्यांनी टेपेशेजारी ठेवली. इंचाला इंच जुळला. पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत, केसाचाही फरक नाही.

"मग पट्टी खोटी असेल," मास्तर पुटपुटले. पण ते स्वतःलाच पटेना. अहो, त्याच टेपेने त्याच दिवशी त्याच वर्गातल्या चाळीस पोरांचे खांदे मोजले होते आणि मास्तरीणबाईंनी वहीवरून सांगितलं, की एकूणएक खांदा वाढलेला होता.

त्या दुपारी मास्तरांनी जुनं पान न बघायचा आपला नेम मोडला. बाराव्या वर्षापासूनच्या पाचही वह्या काढून त्यांनी बारक्याची पानं एकाशेजारी एक मांडली. पॅन्टची लांबी साडेतेहतीसवरून साडेएकोणचाळीस झाली होती. बाही एकोणीसवरून साडेतेवीस. खांदा मात्र पाचही पानांवर साडेतेरा, आणि छाती पाच वर्षांत जेमतेम एक इंच. हातपाय लांबत चालले होते आणि मधला पोरगा बारा वर्षांचाच राहिला होता. मास्तर डॉक्टर नव्हते, पण अंग कसं वाढतं हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. हजारो पोरं त्यांच्या टेपेखालून मोठी झाली होती. आधी पाय लांबतात, मग एक वर्ष असं येतं की खांदा एकदम फुटतो. कुणाचा तेराव्या वर्षी, कुणाचा पंधराव्या. उशीर होतो, नाही असं नाही. पण इतके लांब हात आणि इतका हट्टी खांदा त्यांनी कधी पाहिला नव्हता.

"सांगायला हवं," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"वहीतलं वहीत," मास्तर म्हणाले.

"मग ठेवा वहीत. पोरगं पॅड मागतंय."

मास्तरांनी पाचही वह्या काखोटीला मारल्या आणि निघाले. गल्ली ओलांडायला दोन मिनिटं लागतात. त्यांना वीस लागली. तरण्या पोराच्या अंगाबद्दल त्याच्या बापाशी बोलायचं, म्हणजे काय तोंडाने बोलायचं? बेकरीच्या दारात पोचेपर्यंत त्यांनी वाक्य दहा वेळा जुळवलं आणि आत गेल्यावर विसरले.

पाववाले ट्रे पुसत होते. आडदांड माणूस, हातावर भाजल्याच्या खुणा, आवाज भट्टीपेक्षा गरम. मास्तरांनी वह्या उघडून दाखवल्या आणि कसंबसं सांगितलं, की पोराला एकदा डॉक्टरांना दाखवा.

"माझ्या पोराला काय झालंय?" पाववाले म्हणाले. "मीही उशिराच वाढलो. आमच्या घराण्यात उशीरच असतो. लक्ष नाही त्याचं कशात, एवढाच रोग आहे! परवा तीन ट्रे जाळले साहेबांनी. भट्टीसमोर उभा होता हो, धूर नाकात जात होता, आणि हा घड्याळाकडे बघतोय! मास्तर, तुम्ही कपडे शिवा. माझ्या घरातली मापं काढू नका."

मास्तर तोंड पाडून परत आले. "गेली अब्रू," त्यांनी बायकोला सांगितलं, "आणि गिऱ्हाईकही गेलं." तीन दिवस त्यांचं कशात मन लागलं नाही. एका पॅन्टला तर दोन्ही पाय डावेच कापले.

चौथ्या दिवशी सकाळी पाववाले स्वतः दुकानात आले. बरोबर बारक्या होता. पाववाल्यांनी खिशातून एक घडी केलेला शर्ट काढून टेबलावर ठेवला. मास्तरांनी शिवण बघून लगेच ओळखला. सहावीतला.

"चार वर्षांपूर्वीचा आहे," पाववाले म्हणाले. त्यांचा आवाज उतरला होता. "काल घालायला लावला याला. हात मनगटाच्या वर अर्धी वीत उघडे. पण बटणं लागली, मास्तर. सगळी बटणं लागली." मग म्हणाले, "वह्या घ्या आणि चला. मला ते सांगता येणार नाही."

मोठ्या इस्पितळात ग्रंथींच्या विकारांच्या एक डॉक्टरीणबाई होत्या. पांढऱ्या केसांच्या, चष्मा कपाळावर. तिघेही त्यांच्यासमोर ओळीने बसले, जणू तिघांनाही शिक्षा व्हायची होती. डॉक्टरीणबाईंनी आधी बारक्याला पडद्याआड तपासलं. त्याची उंची घेतली, दोन्ही हात पसरायला लावून त्यांची लांबी घेतली. मग वह्या पुढे ओढल्या आणि पानं उलटता उलटता त्यांचा चष्मा कपाळावरून नाकावर आला.

"हे कुणी लिहिलंय?"

"आमच्या घरच्या बाईंनी," मास्तर घाबरून म्हणाले. "काही चुकलं का?"

"चुकलं? अहो, पाच वर्षांची इतकी सुरेख नोंद माझ्याकडे कुणी आणत नाही! लोक येतात आणि म्हणतात, पोरगा वाढत नाही. कधीपासून, तर माहीत नाही." त्या बारक्याकडे वळल्या. "बाळा, एक विचारू? तुला वास येतो का?"

"येतो," बारक्या म्हणाला.

"बेकरीत जन्मलाय बाई तो," पाववाले मध्येच म्हणाले. "वास येणार नाही तर काय!"

डॉक्टरीणबाईंनी बारक्याला डोळे मिटायला सांगितलं आणि एक बाटली उघडून त्याच्या नाकाशी धरली. "कसला वास आहे?"

"कॉफीचा," बारक्या म्हणाला. बाटलीत नुसतं पाणी होतं. दुसरी बाटली उघडली तेव्हा मास्तर बसले होते तिथवर कॉफीचा घमघमाट आला. "आणि हा?"

बारक्याने जोरात श्वास ओढला, परत ओढला. मिटलेल्या पापण्यांखालून पाणी आलं. "मला नाही येत," तो म्हणाला. "कधीच नाही आला. लहानपणी सगळे म्हणायचे, वास बघ कसा सुटलाय, तेव्हा मला वाटायचं तसं म्हणायची पद्धत आहे. म्हणून मीही म्हणायचो. नंतर कळलं की बाकीच्यांना खरंच काहीतरी येतं. मग सांगायची भीती वाटली. बेकरीवाल्याच्या पोराला वास येत नाही, म्हणजे... मी घड्याळ बघून ट्रे काढतो. त्या दिवशी घड्याळ बंद पडलं होतं."

पाववाले खुर्चीतून उठले आणि परत बसले. "त्या ट्रेंसाठी मी याला थोबाडीत मारली," ते म्हणाले आणि तो आडदांड माणूस सगळ्यांसमोर ओक्साबोक्शी रडायला लागला. बारक्याच त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होता.

डॉक्टरीणबाईंनी रडू ओसरू दिलं. मग सांगितलं ते असं. पोरगा वयात येतो त्याची सुरुवात मेंदूत होते. मेंदूच्या तळाशी मूठभर पेशी असतात. वेळ झाली की त्या एक संप्रेरक सोडायला लागतात, थांबून थांबून, थोडं थोडं. ते त्यांच्याखालच्या पिट्युटरी ग्रंथीला उठवतं, पिट्युटरी वृषणांना उठवते आणि वृषणं पुरुषाचं संप्रेरक बनवायला लागतात. मग आवाज, दाढी, खांदे, सगळं. बहुतेक उशिराच्या पोरांमध्ये हे होणारच असतं, थोडा धीर धरावा लागतो. पण त्या पेशी मुळात मेंदूत जन्मत नाहीत. आईच्या पोटात असताना त्या नाकाच्या बाजूला तयार होतात आणि वासाच्या नसांना धरून मेंदूत चालत जातात. बारक्याच्या वासाच्या नसाच नीट पोचल्या नाहीत, म्हणून या पेशीही वाटेत राहिल्या असाव्यात.

"म्हणजे नाक आणि खांदा, दोन्हींचं दुखणं एकच?" मास्तर म्हणाले.

"एकच. रक्त तपासू, डोक्याचा फोटो काढू, मग नक्की सांगेन. आणि पाववाले, तुम्हाला तुमच्या भाषेत सांगते. भट्टी शाबूत आहे. पेटवणारा आला नाही, एवढंच. आपण बाहेरून पेटवू."

"होईल ना तो... सगळ्यांसारखा?" पाववाल्यांनी विचारलं.

"वास येणार नाही. तो मला देता येत नाही. बाकीचं होईल. औषध मात्र आयुष्यभर." आणि मग मास्तरांकडे बघून म्हणाल्या, "आणखी दहा वर्षं हा असाच राहिला असता. हाडं ठिसूळ झाली असती आणि मन त्याच्याही आधी मोडलं असतं. बरं झालं, तुम्ही बोललात."

मास्तर इस्पितळाच्या पायऱ्या उतरले ते वह्या छातीशी धरूनच. घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं आणि म्हणाले, "तू पेन खाली ठेवलं असतंस ना, तर मी आत्ताही टेपेलाच शिव्या देत बसलो असतो." पंचवीस वर्षांत त्यांनी बायकोचे आभार मानलेले ते पहिल्यांदाच. मास्तरीणबाईंनी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप नाही ना ते बघितलं.

तपासण्यांत डॉक्टरीणबाईंचं म्हणणं खरं ठरलं. इंजेक्शनं सुरू झाली, दर महिन्याला एक, आधी अगदी थोडं आणि मग हळूहळू वाढवत. दोन-तीन महिन्यांनी बारक्या दुकानात यायचा आणि न बोलता ताठ उभा राहायचा. दोन वेळा साडेतेराच निघाला. दोन्ही वेळा मास्तरांना त्या रात्री जेवण गेलं नाही. तिसऱ्या वेळी मास्तरांनी टेप लावली, काढली आणि परत लावली.

"अहो, आकडा?" मास्तरीणबाई म्हणाल्या.

"चौदा!" मास्तर असे ओरडले की समोरच्या दुकानातला चष्मेवाला धावत बाहेर आला. "चौदा! लिही, लिही, चौदा!" मास्तरीणबाईंनी लिहिलं. अक्षर जरा वाकडं आलं, कारण डोळ्यांत पाणी होतं.

"मास्तर, हळू," बारक्या म्हणाला आणि मध्येच त्याचा आवाज फाटला, अर्धा वर, अर्धा खाली. तिघेही एकमेकांकडे बघून हसत सुटले.

पुढे बेकरी बारक्यानेच चालवायला घेतली. वास नाही तर नाही. पाव उलटा करून त्याच्या बुडावर बोटाने वाजवायचा, पोकळ आवाज आला की भाजला. दोन घड्याळं लावली आणि तरीही पाववाले म्हातारपणी भट्टीजवळ खुर्ची टाकून बसायचे. "मी याचं नाक," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. लग्नाच्या कोटाचं माप द्यायला आला तेव्हा बारक्याचा खांदा भरला साडेसतरा. मास्तरांनी टेप गळ्यात टाकली तसा तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "मास्तर, पॅड नको."

"अरे गाढवा, कोटाला लागतातच!" मास्तर खेकसले. पण घातले ते इतके पातळ, की नसल्यातच जमा.

लग्नाला चार वर्षं झाली. मूल हवं तर औषध बदलावं लागेल, हे डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं. आठवड्यातून तीन-तीन इंजेक्शनं, तीही दीड वर्ष. बारक्याने हूं की चूं न करता घेतली. आणि मुलगा झाला. सगळी गल्ली त्या दिवशी फुकटात बन खात होती.

पण बारक्याच्या मनातली पाल चुकचुकतच होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, पोराला हे येईलच असं नाही आणि येणारच नाही असंही नाही. बोलायला लागला की वास येतो का ते बघा, आला तर बरीचशी काळजी मिटली. पोरगं तीन वर्षांचं झालं, चुरुचुरु बोलायला लागलं. मास्तर आता मशीनवर बसत नसत, डोळे गेले होते. बारक्या संध्याकाळी त्यांच्याजवळ येऊन बसायचा. मास्तर विचारायचे, "विचारलंस का पोराला?"

"विचारून काय होणार, मास्तर? हो म्हणतो तो. सगळ्यालाच हो म्हणतो. मीही सोळा वर्षं हो म्हणत होतो."

आणि मग एका दुपारी बारक्या दुकानात धावतच आला. पोरगं कडेवर, हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी. तोंडावर पीठ, धाप लागलेली. मास्तरीणबाई घाबरून उठल्या. बारक्याने फडकं टेबलावर सोडलं. आत कोळसा झालेला एक बन होता.

"माझे बाबा आज भट्टीजवळ नव्हते," बारक्या म्हणाला. "माझी पाठ भट्टीकडे, मी पीठ मळत होतो. हा दाराबाहेर खेळत होता, मास्तर. दाराबाहेर! आणि आत येऊन म्हणाला, बाबा, जळतंय."

"कुणी विचारलं होतं त्याला?" मास्तर म्हणाले.

"कुणी नाही! धूर नाही, काही नाही. आपण होऊन आला. मी तसाच उभा राहिलो. म्हटलं, अजून एकदा म्हण. तर नाक दाबून म्हणाला, बाबा, घाण वास येतोय! सगळा ट्रे जळाला, मास्तर. जळू दिला मी."

मास्तरांनी चाचपत तो बन उचलला आणि नाकाशी धरला. चांगलाच करपला होता. बारक्या त्यांच्याकडे टक लावून बघत होता.

"कसा येतो हो हा वास?" त्याने विचारलं.

मास्तरांनी पुष्कळ विचार केला. "वाईट येतो रे," ते शेवटी म्हणाले. "फार वाईट येतो."

मास्तरीणबाईंनी नवी वही काढली. पोराला टेबलावर उभं केलं, टेप मास्तरांच्या हातात दिली. दिसत नसलं तरी बोटांना खुणा पाठ होत्या. मास्तरांनी एकेक आकडा पुकारला आणि बाईंनी लिहिला. खांदा, छाती, बाही, लांबी. मग बाईंनी पेन खाली ठेवलं तर मास्तर म्हणाले, "थांब, एक राहिलं. खाली लिही. नाक, पक्कं."